कात्रणांच्या वहीतला गुडघा

"वहिनी, पोरींच्या गुडघ्याला हे असं व्हायचंच असतंय का ओ?"

मिरजेतल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसून आमच्या गल्लीतल्या एका आईनं मला हा प्रश्न विचारला. २०२३ सालचा नोव्हेंबर महिना, दिवाळी नुकतीच झालेली. आत तिच्या लेकीच्या गुडघ्याचा एमआरआय चालला होता. पोरगी अकरावीत, कबड्डीत चढाई करणारी. स्पर्धेत चढाईवरून मागं वळताना तिचा पाय मॅटवर रुतल्यासारखा झाला. वरचं अंग वळलं, गुडघा वळलाच नाही. आतून 'कट्' असा आवाज आला, असं ती सांगत होती. नवल म्हणजे त्या क्षणी तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

घरी आधी आंबेहळदीचा लेप झाला. मग हाडवैद्य झाला. सूज उतरेना तेव्हा आई माझ्याकडे आली. आमचं महिला मंडळ आहे, बचत गटाची कामं असतात, त्यामुळे दवाखान्याचे कागद, योजनांचे फॉर्म अशा गोष्टींसाठी गल्लीतल्या बायका मला बरोबर नेतात. त्या दिवशी रिपोर्ट आला. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटला होता. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारी ही दोरी. ती तुटली की माणूस सरळ चालू शकतं, पण एकदम वळायला गेलं की गुडघा दगा देतो.

आईच्या प्रश्नाचं उत्तर काही मला आलं नाही. पण गप्प बसायची सवय नसल्यामुळे मी म्हटलं, "अगं, काही होत नाही. आपली स्मृती नाही का परत खेळली?"

मैत्रिणींनो, ते एक वाक्य मला पुढं फार महागात पडलं. मला म्हणजे खरं तर त्या पोरीला. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

भिंतीवरचं कात्रण

सांगलीत स्मृती मानधनाचं नाव घेतलं की कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. जन्म मुंबईचा, पण ती दोन वर्षांची असताना कुटुंब माधवनगरला आलं आणि ती आमचीच झाली. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या महिला बिग बॅश लीगमध्ये ब्रिस्बेन हीट संघाकडून क्षेत्ररक्षण करताना तिच्या गुडघ्याला दुखापत झाली. हाच तो एसीएल. त्यामुळे वर्ल्ड कपची पात्रता स्पर्धा हुकली, दक्षिण आफ्रिकेतली चौरंगी मालिका हुकली. आणि मग पाचेक महिन्यांनी, जून २०१७ मध्ये, ती थेट इंग्लंडमधल्या वर्ल्ड कपमध्ये उतरली. २४ जूनला डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९० धावा, २९ जूनला टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६.

मला पहिल्यापासून कात्रणं काढायची हौस आहे. रेसिपी, औषधी वनस्पती, कर्तबगार बायका, असं काहीबाही चिकटवत असते. त्यातलं स्मृतीचं कात्रण मी त्या पोरीला नेऊन दिलं. तिनं ते खाटेच्या वर भिंतीला चिकटवलं. जानेवारी २०२४ मध्ये तिचं ऑपरेशन झालं. कात्रणातल्या 'पाच महिने' या शब्दांखाली तिनं लाल पेननं रेघ मारली होती. ती मी पाहिली, आणि मला कौतुकच वाटलं!

जूनमध्ये पाच महिने भरले. डॉक्टरांना न विचारता ती मैदानावर गेली. तिथंही कुणीतरी म्हणालंच, "स्मृतीला पाच महिने पुरले, तुला काय झालंय?" तिसऱ्या दिवशी गुडघा पुन्हा लचकला. या वेळी आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली. पुन्हा तोच दवाखाना, तोच बाक.

डॉक्टरांनी विचारलं, "पाच महिने हा आकडा तुम्हाला दिला कुणी?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. तेच मला जास्त लागलं.

आकडा खरा, पण कुणाचा?

घरी येऊन मी ते कात्रण पुन्हा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. चूक माझ्या वाचण्यात होती. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. आमचे सर सांगायचे की एखादा जुना कागद हाती आला तर तो कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यात काय लिहिलेलं नाही हे आधी बघा. शिवकाळाच्या कागदाला लावायची ती कसोटी मी वर्तमानपत्राच्या बातमीला कधी लावलीच नव्हती.

पाच महिने ही एका खेळाडूची गोष्ट होती. लिगामेंट किती तुटला होता, उपचार नेमके कोणते झाले, रोज किती तास फिजिओ बरोबर होता, मैदानात उतरायची परवानगी कुणी आणि काय तपासून दिली, हे कात्रणात नव्हतं. डॉक्टरांनी मला समजावलं की एसीएलच्या ऑपरेशननंतर वळणा-उड्यांच्या खेळात परतायला निदान नऊ महिने तरी द्यावेत, असं आजचे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या जवळपास आली का, एका पायावर उडी मारून गुडघा आत न झुकता उतरता येतंय का, हे तपासावं लागतं.

मग मी दुसरं एक नाव शोधलं. विनेश फोगट. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व कुस्तीत तिचा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून तिला बाहेर नेलं. ते दृश्य टीव्हीवर बघून आपल्यापैकी कित्येकींनी डोळे पुसले असतील. मे २०१७ मध्ये दिल्लीत आशियाई स्पर्धेत तिनं रौप्यपदक घेतलं. म्हणजे नऊ महिने. हे कात्रण मी त्या पोरीला दिलं असतं तर तिनं नऊवर रेघ मारली असती. माझ्या वहीत जे पहिलं सापडलं ते मी दिलं, इतकंच.

आणि या दोघी तर परत आलेल्या. ज्या परत येत नाहीत त्यांची बातमी कोण देतं? 'अमुक मुलगी यंदा खेळली नाही' अशी बातमी होत नाही. त्यामुळे कात्रणं वाचणाऱ्याला वाटतं की सगळ्याच परततात.

धावफलकाचंही तसंच. स्मृतीनं २०१७ च्या वर्ल्ड कपमध्ये एकूण २३२ धावा केल्या. पहिल्या दोन डावांतच १९६. उरलेल्या सात डावांत मिळून ३६. हे आकडे कुणालाही बघायला मिळतात. ते जुळवताना मला क्षणभर वाटलं, सापडलं! गुडघा दुखत असणार! पण धावफलक तसं कुठं म्हणतो? धावा का झाल्या नाहीत याची शंभर कारणं असतात. आपण दुखापत शोधायला बसलो की आपल्याला सगळीकडे दुखापतच दिसायला लागते.

वहीला रकाने पडले

त्या जूनमध्ये मी नवी दोनशेपानी वही आणली आणि ठरवलं की आता नुसतं चिकटवायचं नाही, नोंदवायचं. वाचनालयात दुपारी दोन तास बसायचं, क्रीडापान चाळायचं. रकाने असे आखले: खेळाडू, खेळ, तारीख, शरीराचा कोणता भाग, त्या वेळी ती काय करत होती, कुणाचा धक्का लागला की नाही, परत कधी खेळली, आणि शेवटचा रकाना 'हे कुणी सांगितलं'. मंडळाच्या आधिकारिक निवेदनात आहे, खेळाडूनं स्वतः सांगितलं, डॉक्टर म्हणाले, की वार्ताहराचा अंदाज? दोन नियमही केले. एका बातमीवर भागवायचं नाही, दुसरी शोधायची. आणि माहीत नसेल तिथं रकाना कोरा ठेवायचा, मनानं भरायचा नाही.

हा दुसरा नियम पाळायला फार जड गेला. भरताना लक्षात आलं की आपल्या क्रीडापानांचे शब्दच मुळी मोघम असतात. 'जायबंदी', 'दुखापतग्रस्त', 'तंदुरुस्तीअभावी बाहेर'. दुखतंय कुठं ते सांगतच नाहीत! भाग कळला तर कसं झालं ते कळत नाही. आणि परतीची तारीख शोधायची तर पुढच्या सगळ्या सामन्यांचे संघ तपासत बसायचं.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. २६ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात प्रतीका रावल क्षेत्ररक्षण करताना पडली. त्या दिवशी मंडळानं 'गुडघा आणि घोटा' एवढंच सांगितलं. ती स्पर्धेतून बाहेर गेल्याचं नंतर कळलं. पहिल्या दिवशीची बातमी लिहून मी वही मिटली असती तर नोंद अर्धीच राहिली असती. २ नोव्हेंबरला आपण वर्ल्ड कप जिंकलो तेव्हा स्मृती उपकर्णधार होती, स्पर्धेत तिच्या ४३४ धावा होत्या, सांगलीत फटाके वाजत होते. आणि माझी नजर व्हीलचेअरवर बसून त्या आनंदात सामील झालेल्या प्रतीकावर होती. वहीची सवय, दुसरं काय!

याउलट संकेत सरगरची नोंद. आमच्या सांगलीचा मुलगा, वडिलांची पानाची टपरी. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅमचे राष्ट्रकुल खेळ, ५५ किलो वजनी गट. स्नॅचमध्ये ११३ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८. सोनं नेणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूचे २४९. मधल्या प्रयत्नात संकेतचा कोपर दुखावला आणि एका किलोनं सोनं रुपं झालं. त्याची नोंद करताना एकही रकाना अडला नाही. तारीख, भाग, काय करत होता, सगळं जगानं टीव्हीवर पाहिलं होतं. पदकाच्या क्षणी झालेली दुखापत अशी लख्ख दिसते. रोजच्या सरावात हळूहळू झिजणारा खांदा किंवा पाठ कुणाला दिसत नाही.

शहाण्यांचीही हीच वही

मला वाटायचं, हा आपला रिकामपणाचा उद्योग. मग कळलं की जगभरचे अभ्यासक हेच करतात. अमेरिकेत बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये कोणत्या सामन्याला कोणता खेळाडू कशामुळं बाहेर आहे याची यादी संघांना जाहीर करावी लागते. त्या याद्या, बातम्या आणि सामन्यांच्या नोंदी जुळवून शास्त्रीय लेख लिहिले जातात. खेळाडूच्या दवाखान्याच्या फाइलला हात न लावता, सगळ्यांना दिसणाऱ्या माहितीवरून. स्वस्तात होतं, वर्षानुवर्षांचं एकत्र बघता येतं. पण दोष तेच, जे माझ्या वहीत आहेत. मोठी दुखापत नोंदली जाते, किरकोळ निसटते. नामवंताची दिसते, राखीव खेळाडूची नाही. आणि एकूण किती जण किती तास खेळले हे माहीत नसेल तर नुसत्या दुखापती मोजून काही कळत नाही. गल्लीत चार जणींना ताप आला म्हटलं तर घरं किती ते आधी विचारायला नको का?

म्हणून जिथं जमतं तिथं स्वतंत्र नोंदवही ठेवतात. युरोपातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांचे डॉक्टर २००१ पासून दुखापती एकाच पद्धतीनं लिहून पाठवतात. ऑलिम्पिक समिती २००८ च्या बीजिंगपासून हे करते. रिओला २०१६ मध्ये ११,२७४ खेळाडू होते. त्यांतल्या सुमारे आठ टक्क्यांना त्या दिवसांत दुखापत झाली. असं एकूण माहीत असलं की आकड्याला अर्थ येतो.

आणि आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची एनसीएए नावाची मोठी संघटना आहे. तिनं १९८२ पासून दुखापतींची नोंद सुरू केली. एलिझाबेथ अरेंट आणि रँडल डिक या दोघांनी त्यातली पाच वर्षांची पानं चाळून १९९५ मध्ये लेख लिहिला. एकाच खेळातले मुलगे आणि मुली शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. फुटबॉलमध्ये मुलींच्या एसीएलच्या दुखापतीचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त निघालं, बास्केटबॉलमध्ये चौपटीहून जास्त. बाई, विचार करा! त्या वहीत मुलगे आणि मुली असे दोन वेगळे रकाने नसते तर हे कधी कळलंच नसतं. प्रत्येक मुलीच्या आईनं 'नशीब' म्हणून डोक्याला हात लावला असता.

मग जाहीर बातम्यांनी पुन्हा धक्का दिला. २०२३ च्या महिला फुटबॉल वर्ल्ड कपला इंग्लंडच्या आर्सेनल क्लबच्या बेथ मीड, व्हिव्हियान मीडेमा आणि लिया विल्यमसन या तिन्ही नावाजलेल्या खेळाडू एसीएलमुळेच मुकल्या. एवढ्या मोठ्या मुली एकदम बाहेर बसल्यावर ओरड झाली, आणि २०२४ मध्ये तिथं खास या दुखापतीच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू झाला. नाव झालेल्यांच्या दुखापतीचा हा एक उपयोग. त्यांच्यामुळे बाकीच्यांचा प्रश्न टेबलावर येतो.

मग उत्तर काय?

उत्तर असं, की होय, वळणा-उड्यांच्या खेळात मुलींच्या गुडघ्याला हे मुलांपेक्षा जास्त होतं. पण 'व्हायचंच असतं' असं मात्र नाही.

कारणं एकाहून जास्त सांगतात. कमरेची आणि पायाची ठेवण, उडीवरून उतरताना गुडघा आत झुकणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची कमी ताकद. मासिक पाळीशी त्याचा किती संबंध आहे यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, तेव्हा 'पाळीत खेळू नको' असा फतवा काढायला आपल्याकडे आधार नाही. आणि काही कारणं शरीराबाहेरची आहेत. मुलगा सहाव्या वर्षापासून उड्या मारतो, मुलीला आपण आठवीत मैदानावर पाठवतो. त्याला व्यायामशाळा, तिला घरकाम. त्याला नवे बूट, तिला भावाचे जुने.

नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या १,८९२ मुलींवर एक प्रयोग झाला. २००८ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. अर्ध्याअधिक मुलींना सरावाआधी वीस मिनिटांचा ठरलेला व्यायाम दिला: हळू धावणं, पोट-पाठ-मांडीची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून मऊ उतरणं. बाकीच्या नेहमीसारख्या खेळल्या. व्यायाम करणाऱ्या गटात गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. ना यंत्र, ना औषध, ना पैसा. वीस मिनिटं! आपण पोळ्या लाटतो तेवढा वेळ.

जे कुठंच लिहिलं गेलं नाही

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्याच्या बाजूचं. त्या दुष्काळी तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली, आणि रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. स्टीपलचेस म्हणजे एका शर्यतीत २८ अडथळे आणि सात पाणउड्या. प्रत्येक उडीला एका पायावर सगळा भार. तिच्या शर्यतींच्या वेळा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत आज कुणालाही मिळतात. पण त्या उड्यांनी पायांनी काय सोसलं, ते त्या आकड्यांत नाही.

धावपटूंच्या अशा नोंदी चाळताना मला एक गोष्ट जाणवली. मध्येच एखादं वर्ष कोरं असतं. पुरुषाचं वर्ष कोरं असलं की आपण म्हणतो, दुखापत असेल. बाईचं कोरं असलं तर? दुखापत, लग्न, बाळंतपण, नोकरी, सासरचा नकार, काहीही असू शकतं. जाहीर नोंदीत सगळ्यांना एकच कोरी जागा. हा रकाना बाहेरून कुणालाच भरता येणार नाही. तिलाच विचारावं लागेल.

सातारा जिल्ह्यातलीच आणखी एक कोरी जागा सांगते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या आयुष्याच्या हकिकतीत एक ओळ येते की पुढच्या ऑलिम्पिकच्या आधी गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि कुस्ती थांबली. बस्स, एक ओळ. देशाच्या एवढ्या मोठ्या मल्लाच्या गुडघ्याला जिथं एक ओळ मिळाली, तिथं आपल्या तालुक्याच्या खो-खोतल्या पोरीला काय मिळणार?

माझ्या वहीत क्रिकेट भरपूर आहे. कुस्ती थोडी, बॅडमिंटन थोडं. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गल्लोगल्ली खेळतात त्या कबड्डी-खो-खोच्या मुलींची पानं जवळजवळ रिकामी आहेत. म्हणजे त्या पडत नाहीत असं नाही. पडतात आणि घरी बसतात, एवढंच. आमची पोर पडली त्या दिवशीच्या पेपरात तिच्या संघाच्या विजयाची चार ओळींची बातमी होती. गुडघ्याचा उल्लेख नव्हता.

म्हणून गेल्या वर्षी मंडळातल्या आम्ही चौघींनी दुसरी वही सुरू केली. आसपासच्या शाळांच्या मैदानावर जायचं आणि मुलींना विचारून लिहायचं. पहिल्याच आठवड्यात एका आईनं मला दारातच अडवलं. "काकी, नाव लिहू नका. उद्या स्थळ आलं तर म्हणतील, पोरगीचा गुडघा गेलाय." तिचं खरं होतं. स्मृतीचा गुडघा सगळ्या देशानं वाचला तरी तिचं काही अडलं नाही. आपल्या पोरीचं अडतं. तेव्हापासून आम्ही नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. वय, खेळ, भाग, जमीन की मॅट, काय करताना, किती दिवसांनी परतली, एवढंच. आणि पहिल्या पानावर संघात एकूण किती मुली, आठवड्याला किती दिवस सराव. घरं किती ते आधी, ताप नंतर!

वही लहान आहे, त्यातून मोठे निष्कर्ष काढायचा शहाणपणा मी आता करणार नाही. एकदा केला तो पुरे. पण तिच्यामुळं दोन शाळांत सरावाआधीची वीस मिनिटं सुरू झाली. एका सरांनी आधी कुरकुर केली, "खेळायलाच वेळ पुरत नाही." आम्ही वही पुढं ठेवली. त्यांच्याच संघाच्या मुलींचे वाया गेलेले दिवस त्यांनी स्वतः बेरीज करून पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून शिट्टी घेऊन उभे राहिले.

मैत्रिणींनो, तुम्हालाही हे जमेल. लेक खेळत असेल तर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत चला. कधी दुखलं, कुठं दुखलं, काय करताना, किती दिवस. वळताना आवाज आला, काही तासांत गुडघा टम्म सुजला, किंवा चालताना निसटल्यासारखा वाटला, तर लेप-मालिशीत दिवस घालवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि पेपरात कुणी अमुक महिन्यांत परतली असं वाचलंत तर आनंद जरूर माना, पण तो आकडा आपल्या पोरीच्या पायाला बांधू नका.

आमची ती पोर? दुसऱ्या ऑपरेशननंतर वर्षभर तिनं मॅटला पाय लावला नाही. जुलै २०२५ मध्ये डॉक्टरांनी एका पायावर उड्या मारायला लावल्या, ताकद मोजली, मग हो म्हटलं. आता कॉलेजच्या संघात आहे. चढाई जपून करते, असं तिची आई म्हणते. ती म्हणते जपून नाही, डोकं वापरून. संध्याकाळी गल्लीतल्या बारक्या पोरींना उडी मारून मऊ कसं उतरायचं ते शिकवते.

परवा तिच्या घरी गेले होते. भिंतीवर स्मृतीचं कात्रण अजून आहे, लाल रेघेसकट. मी म्हटलं, "अगं, काढून टाक ते आता. बघवत नाही मला." तर म्हणाली, "राहू दे काकी. खाली मी माझं लिहिलंय."

पाहिलं तर रेघेखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हे तिचे. माझे वीस.'